ग्रामचा जांभळा रंग

इसवी सन १८८४ मध्यें बर्लिन शहरांतील एका रुग्णालयाच्या शवपरीक्षागृहांत हान्स क्रिश्चन ग्राम हा तरुण डॅनिश वैद्य कार्ल फ्रीडलेंडर याच्याबरोबर काम करीत होता. न्यूमोनियानें मृत झालेल्या रोग्यांच्या फुप्फुसांचे पातळ काप तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाही. अडचण अशी कीं, रंग दिला असतां जंतु आणि फुप्फुसांतील पेशी सारख्याच रंगत; मग जंतु वेगळे ओळखावे कसे?

ग्रामनें कापांना प्रथम जांभळा रंग दिला, त्यावर आयोडिनाचें द्रावण घातलें आणि शेवटीं ते मद्यार्कानें धुतले. पेशींचा रंग निघून गेला. जंतु मात्र जांभळेच राहिले. परंतु विषमज्वराचे जंतु याच धुण्यांत रंग सोडून देत. आपली रीत अजून सदोष व अपुरी आहे, अशी कबुली ग्रामनें आपल्या निबंधांत मोकळेपणानें दिली.

पुढें त्या उणिवेंतच जंतुसृष्टीची मोठी विभागणी दडलेली आढळली. रंग राखणाऱ्या जंतूची भिंत जाड असते. मद्यार्कानें ती आकसते आणि रंग आंत कोंडला जातो. रंग सोडणाऱ्याची भिंत पातळ असून तिच्यावर एक स्निग्ध आवरण असतें. मद्यार्कानें त्याला खिंडारें पडतात व रंग वाहून जातो. हेंच आवरण कित्येक औषधांनाहि आंत शिरूं देत नाहीं. म्हणूनच अत्यवस्थ रोग्यासाठीं औषध निवडतांना वैद्य आजहि प्रथम हेंच विचारतात: रंग टिकला कीं गेला?

ग्राम १९३८ मध्यें वारला. ज्या रीतीला तो स्वतः सदोष म्हणाला, तिनेंच त्याचें नांव राखिलें.