नेत्रहीन नावाचे जनुक

गोंदियाजवळ मुर्रीच्या परिसरात धानाच्या बांध्या पावसाने भरल्या, की बेडकांची अंडी दिसू लागतात. त्या काळ्या ठिपक्यांत काही दिवसांनी डोळे उमटतात आणि डोळ्यांत भिंग. हे भिंग कोण घडवते, या प्रश्नाचा आधुनिक इतिहास अशाच अंड्यांपासून सुरू होतो.

1901 मध्ये हान्स श्पेमान यांनी बेडकाच्या गर्भातील डोळ्याचा अंकुर तापलेल्या सुईने नष्ट केला. वरच्या त्वचेपासून भिंग व्हायचे, ते झालेच नाही. निष्कर्ष सरळ वाटला: मेंदूतून पुढे आलेला नेत्रचषक आज्ञा देतो, त्वचा ती पाळते. पण बेडकाच्या दुसऱ्या जातीत चषकाविनाही भिंग तयार झाले, आणि हे श्पेमान यांनाच मान्य करावे लागले. तरीही आज्ञेचे रूपक टिकले. (रूपके पुराव्यापेक्षा चिवट असतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) असे गर्भप्रयोग आपल्याकडेही रुजले: एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या गर्भावर काम केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात हा अभ्यास वाढवला.

जनुकांनी या प्रश्नाची भाषाच बदलली. 1915 मध्ये मिल्ड्रेड होग यांनी डोळे खुरटलेल्या फळमाशीचे वर्णन केले. तिच्यातील जनुक 'आयलेस', म्हणजे नेत्रहीन, म्हणून ओळखले गेले. जे डोळा घडवते त्याचे नाव डोळ्याच्या अभावावरून पडावे, हा नामकरणाचा न्याय आम्हांला विलक्षण वाटतो. 1994 मध्ये वॉल्टर गेहरिंग यांच्या बाझेल येथील प्रयोगशाळेत हे जनुक माणसातील व उंदरातील पॅक्स-6 चे सगोत्र ठरले. पुढच्याच वर्षी त्याच्या बळावर माशीच्या पायांवर, पंखांवर डोळे उगवले. उंदराचे जनुक वापरले, तरी डोळे माशीचेच! मग पॅक्स-6 ला 'सर्वाधिकारी' म्हटले जाऊ लागले.

आम्हांला हे बिरूद मान्य नाही. 2000 साली पीटर ग्रुस यांच्या गटाने उंदराच्या गर्भात फक्त भावी भिंगाच्या त्वचेतून पॅक्स-6 काढले. चषक तयार झाला, भिंग नाही. म्हणजे चषकाचा संकेत पुरेसा नव्हता, त्वचेची स्वतःची सिद्धताही हवी होती. शिवाय पॅक्स-6 एकटे काही करत नाही. सॉक्स-2 सारख्या सोबत्यांसह ते क्रिस्टॅलिन प्रथिनांची जनुके जागी करते.

त्यानंतर घडते ते अधिक नवलाचे. पारदर्शक होण्यासाठी भिंगाचे तंतू आपले केंद्रकच टाकून देतात, आणि त्याबरोबर जनुकेही. आतल्या तंतूंत नवे प्रथिन मग बनत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या मोतीबिंदूत गढुळलेले काही प्रथिन त्याच्या जन्माआधीचे असते.