लोणारच्या लघुग्रहाची कुळकथा

परभणी जिल्ह्यातील बोरीच्या उत्तरेस, जिंतूर ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात शिरल्यावर लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर लागते. बोरीच्या शिवारात जो काळा दगड आहे त्याच बेसाल्टात, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांत, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर एका लघुग्रहाच्या आघाताने पडले. सूर्याभोवती फिरणारा असा खडकाळ पिंड एरवी दुर्बिणीतून, ताऱ्यांमधून सरकणारा ठिपका म्हणून सापडतो. लोणारचा लघुग्रह मात्र नष्ट झाल्यानंतर, त्याने केलेल्या जखमेवरून ओळखावा लागला, आणि ती ओळख पटण्यास दीडशे वर्षे लागली.

1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. भोवतालचा सारा प्रदेशच लाव्ह्याचा असल्याने विवर ज्वालामुखीचे मानले जाणे स्वाभाविक होते. 1896 मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवर वाफेच्या स्फोटाने झाले, असे प्रतिपादन करताना लोणारचाच दाखला दिला होता. पुढे ही दोन्ही विवरे आघाताची ठरली.

निर्णायक पुरावा 1973 मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी मांडला. विवराखालच्या खडकात त्यांना मास्केलिनाइट आढळले. बेसाल्टातील फेल्डस्पार हे खनिज न वितळताच, केवळ धक्क्याच्या दाबाने काचेसारखे झाले की त्यास हे नाव देतात. त्यासाठी वातावरणाच्या काही लाख पट दाब लागतो आणि कोणताही ज्वालामुखी तो निर्माण करू शकत नाही. याच द्रव्याची प्रथम ओळख बिहारातील शेरघाटी येथे 1865 मध्ये पडलेल्या अशनीत झाली होती, हे येथे आवर्जून नोंदवावे असे आहे.

आघाताच्या काळाबाबत मात्र एकमत नाही: एका मापनाने तो सुमारे 52 हजार, तर आर्गॉन समस्थानिकांच्या मापनाने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांपूर्वीचा ठरतो.

लघुग्रहाचा आकार विवराच्या मानाने अगदीच लहान, म्हणजे शंभर मीटरांच्या आतबाहेर असावा. सेकंदाला अनेक किलोमीटर वेगाने आदळल्यामुळे तो जवळजवळ संपूर्ण वितळून वा वाफ होऊन गेला. त्याच्या कुळाचा माग लागला तो एका मिलिमीटरहूनही बारीक अशा काचगोळ्यांतून. स्थानिक बेसाल्टाच्या मानाने त्यांत निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम अधिक आढळल्याने हा पिंड कॉन्ड्राइट, म्हणजे सूर्यमालेच्या आरंभी घडलेल्या आणि त्यानंतर कधीच पूर्ण न वितळलेल्या दगडांच्या जातीचा असावा, असा निष्कर्ष 2009 मध्ये मांडण्यात आला.