चाळीस बाइटांची मोकळी जागा

नियम लिहिणाऱ्यापुढे एक अडचण नेहमीच असते. आजच्या गरजा त्याला दिसतात, उद्याच्या दिसत नाहीत. म्हणून शहाणा नियमकार कागदावर थोडी जागा मोकळी सोडतो आणि म्हणतो, पुढे येणाऱ्यांनी आपली गरज येथे लिहावी. पण त्या जागेत कोण काय लिहील, आणि वाचणाऱ्याने त्यावर किती भरवसा ठेवावा, हा दुसरा प्रश्न त्यातूनच जन्माला येतो. संगणकांच्या आंतरजालाच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची गाठ अवघ्या चाळीस बाइटांच्या जागेत पडली. त्या जागेची हकीकत आज आम्हांला सांगावयाची आहे.

एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर सलग जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात. प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर पाठवणाराचा पत्ता, घेणाराचा पत्ता, लांबी असा तपशील असतो. त्यास हेडर म्हणतात. हे हेडर वाचण्याचे काम संगणकातील कर्नेलकडे असते. कर्नेल म्हणजे सर्व कारभार चालविणारा गाभा. एखादा साधा प्रोग्राम बिघडला तर कर्नेल त्याला बाजूला सारतो आणि बाकीचे काम चालू राहते. पण कर्नेलच अडखळला तर त्याला सावरणारा वर कोणी नाही. यंत्र तेथेच थांबते. म्हणून परक्याने पाठवलेले पाकीट कर्नेलने कसे वाचावे, ही बाब दिसते तितकी क्षुल्लक नाही.

सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेली आयपी या नियमावलीची संहिता प्रसिद्ध झाली. तीत हेडरची नित्याची लांबी वीस बाइट ठरविली होती. हेडर किती लांब आहे हे सांगण्यासाठी चार बिटांचे एक घर ठेवले होते. चार बिटांत मावणारा मोठ्यांत मोठा आकडा पंधरा, आणि मोजमाप चार-चार बाइटांचे. म्हणजे हेडर साठ बाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यातून नित्याचे वीस वजा केले की उरतात चाळीस. ही आपली मोकळी जागा. तिच्यात ज्या जादा सूचना लिहावयाच्या त्यांना ‘ऑप्शन’, म्हणजे पर्याय, असे नाव मिळाले. वाटेतल्या मुक्कामांची नोंद करा, प्रत्येक मुक्कामाची वेळ लिहा, अमक्या-अमक्या मार्गानेच जा, अशा प्रकारच्या त्या सूचना होत्या. संहितेने एक गोष्ट मात्र बजावली होती. पर्याय लिहिणे न लिहिणे हे पाठवणाराच्या मर्जीवर आहे. ते समजण्याची सिद्धता प्रत्येक यंत्राजवळ असलीच पाहिजे. म्हणजे स्वातंत्र्य पाठवणाराला आणि बंधन घेणाराला, अशी ही वाटणी होती.

पर्याय लिहिण्याची रीत सोपी आहे. पहिल्या बाइटात प्रकार, दुसऱ्यात लांबी, मग मजकूर. ‘यादी संपली’ आणि ‘काही करू नये’ हे दोन प्रकार तेवढे एकेका बाइटाचे. कर्नेल प्रकार वाचतो, लांबी वाचतो, तितकी पावले पुढे जातो आणि पुढचा पर्याय उघडतो. आता पाहा, यात खोच कोठे आहे. लांबी सांगणारा कोण? पाठवणारा. त्याने लांबी शून्य लिहिली तर कर्नेल शून्य पावले पुढे जाईल, तोच पर्याय पुन्हा वाचील, पुन्हा शून्य पावले जाईल, आणि घाण्याच्या बैलासारखा अखंड फिरत राहील. त्याने लांबी भरमसाट लिहिली तर कर्नेल हेडरची हद्द ओलांडून भलत्याच जागेतले बाइट पर्याय समजून वाचू लागेल.

ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर काढली आणि तिच्याबरोबर आयपीचा कोड शेकडो संस्थांत पोहोचला. त्याच घराण्यातील ४.४ बीएसडीचा कोड गॅरी राइट आणि रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात ओळीओळीने उलगडून दाखविला आहे. तेथे कर्नेल प्रथम एवढेच पाहतो की हेडर वीस बाइटांहून लांब आहे काय. नसेल तर पर्यायांच्या वाटेला तो जातच नाही. असेल तर प्रत्येक पर्यायाची लांबी शून्य आहे काय, किंवा उरलेल्या जागेहून अधिक आहे काय, हे विचारतो. पुढे फ्रीबीएसडीत ही चौकशी आणखी कडक झाली. लांबी निदान दोन असलीच पाहिजे, कारण प्रकार आणि लांबी यांचेच दोन बाइट होतात. शिवाय लांबीचा बाइट स्वतः तरी हद्दीच्या आत आहे ना, हेही पाहिले जाऊ लागले. मापाच्या हद्दी पाहिल्या, पण माप लिहिलेला बाइटच हद्दीबाहेर असू शकेल ही शंका पुढे सुचली! लिनक्सच्या कोडात दोहोंपेक्षा कमी लांबीच्या टीसीपी पर्यायांना ‘खुळे पर्याय’ अशा अर्थाचा शेरा आहे, आणि तो दिसताच कर्नेल वाचन थांबवितो.

परंतु माप खरे असूनही मजकूर कपटाचा असू शकतो. मार्ग सांगणाऱ्या पर्यायाचे असेच झाले. बर्कली युनिक्समध्ये एका यंत्रावरून दुसऱ्यावर प्रवेश करण्याच्या काही आज्ञा अशा होत्या की पाकिटावरचा पत्ता ओळखीचा असला की परवलीचा शब्द विचारला जात नसे. लबाडाने पाकिटावर ओळखीच्या यंत्राचा पत्ता घालावा आणि वाटेतला मुक्काम म्हणून स्वतःचे यंत्र लिहावे. उत्तर त्याच वाटेने उलट येई आणि लबाडाच्या हाती पडे. बेल लॅबोरेटरीजचे स्टीव्हन बेलोव्हिन यांनी एप्रिल १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या धोक्याकडे लक्ष वेधले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यंत्रांसाठी जी नियमसंहिता निघाली, तिने असे पाकीट आल्यास उलट मार्ग जपून ठेवावा आणि सारी उत्तरे त्यानेच पाठवावीत, असे बंधन घातले! एका हाताने इशारा आणि दुसऱ्या हाताने आज्ञा, असा हा प्रकार होता. शेवटी कारभाऱ्यांनीच निवाडा केला. मार्ग सांगणारी पाकिटे नाकारण्याची कळ कर्नेलांत आली आणि जागोजागी ती दाबली गेली.

त्यात दुसरे एक कारण मिळाले. वाटेवरचे राउटर वीस बाइटांचे साधे हेडर खास यंत्रणेने झपाट्याने पुढे धाडतात. पर्याय असलेले पाकीट मात्र बहुधा सावकाश चालणाऱ्या सामान्य प्रोसेसरकडे वळवावे लागते. तेव्हा अशी पाकिटे टाकूनच द्यावीत, हे अनेकांना सोयीचे वाटले. २००५ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा पर्याय असलेली पाकिटे जवळजवळ निम्म्या मार्गांवर गळून पडत असल्याचे दिसले. जागा कागदावर मोकळीच राहिली. व्यवहारात मात्र तिला कुलूप लागले.

नव्या पिढीच्या आयपीव्ही-सिक्समध्ये ही चूक टाळण्याचा यत्न झाला. मुख्य हेडर चाळीस बाइटांचे, ठाम. पर्याय त्यामागून येणाऱ्या वेगळ्या जोड-हेडरांत. तथापि मार्ग सांगण्याची हौस तेथेही शिरली. २००७ मध्ये फिलिप बिओंदी आणि आर्नो एबालार यांनी दाखवून दिले की तसल्या एका हेडरच्या जोरावर एकच पाकीट दोन यंत्रांमध्ये चेंडूसारखे वारंवार टोलविता येते आणि वाटेवर गर्दी माजविता येते. त्याच वर्षी डिसेंबरात ते हेडर नियमानेच रद्द झाले.

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल, मोकळी जागा ठेवणेच चुकले. आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याचा पुरावा शेजारच्याच घरात आहे. टीसीपी या दुसऱ्या नियमावलीत अशीच चाळीस बाइटांची जागा आहे. १९८१ मध्ये तीत तीनच पर्याय होते. त्या काळी उत्तराची वाट न पाहता एका वेळी ६५,५३५ बाइटांहून अधिक मजकूर पाठविता येत नसे. जाऊन येण्यास पाव सेकंद लागणाऱ्या दूरच्या मार्गावर याचा अर्थ असा की तार कितीही मोठी असो, सेकंदाला सुमारे २१ लाख बिटांच्या वर एका जोडणीला जाताच येणार नाही. मे १९९२ मध्ये तीन बाइटांचा एक पर्याय आला आणि त्याने ही मर्यादा १६,३८४ पटींपर्यंत वाढविण्याची सोय केली. हरवलेले नेमके कोणते, हे सांगणारा पर्याय १९९६ मध्ये आला. जुने हेडर न मोडता हे घडले. किंबहुना ती जागा नसती तर घडलेच नसते. आयपीचे पर्याय वाटेतल्या प्रत्येकाने वाचावयाचे होते, टीसीपीचे मुख्यतः दोन टोकांनीच, हा दोहोंतला भेद मोठा आहे.

तरीही येथे गाफील राहून चालत नाही. जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सचे जोनाथन लूनी यांनी लिनक्स कर्नेलमधील एक दोष उघड केला. एका पाकिटात किती मजकूर घालावा, हे टीसीपीच्या एका पर्यायाने समोरचा सांगतो. लबाडाने तो आकडा इतका लहान सांगावा की कर्नेलच्या हिशेबी अठ्ठेचाळीस बाइट पडावेत. त्यातून पर्यायांचे चाळीस गेले की मजकुराला उरतात आठ. कर्नेलच्या एका गठ्ठ्यात बत्तीस किलोबाइटांचे सतरा तुकडे मावत. आठ-आठ बाइटांनी त्यांची पाकिटे केली तर ती होतात ६९,६३२. आणि मोजणीच्या घरात मावणारा मोठ्यांत मोठा आकडा ६५,५३५. हिशेब फुटे आणि कर्नेल बंद पडे. २००९ च्या आवृत्तीपासून हा दोष कोडात दडून होता. पुढच्याच महिन्यात, म्हणजे जुलै २०१९ मध्ये, कारखान्यांतील व रुग्णालयांतील उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या व्हीएक्सवर्क्स या प्रणालीत आयपीचे पर्याय वाचतानाच घडणारी एक गंभीर चूक उजेडात आली. १९८१ ची चाळीस बाइटे अडतीस वर्षांनंतरही परीक्षा घेतच होती.

आपण खिशातील फोनवर एखादे पान उघडतो तेव्हा पहिल्याच पाकिटात टीसीपीचे चार-पाच पर्याय सहसा असतात आणि पलीकडचा कर्नेल ते एकेक करून मोजून घेतो. लिनक्सच्या पाकिटात नित्य त्यांचे वीस बाइट होतात. म्हणजे जागा निम्मी भरली आहे, निम्मी शिल्लक आहे. पूर्वजांनी सोडलेल्या जागेचा तो उरलेला भाग. तो पुढच्यांना उपयोगी पडेल की आयपीच्या जागेसारखा कुलूपबंद होईल, हे दाराशी माप घेणाऱ्या त्या चार ओळी किती दक्षतेने लिहिल्या जातात यावर अवलंबून राहील.