मेणाचा डबा कशाचा?

मद्य, मांस, मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूळगुणांतच येतो, म्हणून आपल्या घरी मध येत नाही. पण मेण? पुतण्याने शिरोळला त्याच्या स्पोर्ट्स कारसाठी महागडं मेण मागवलं, तेव्हा मी आधी डब्यामागची यादी वाचली.

पूर्वी लाकूड-चामडं चमकवायला मधमाशीचंच मेण वापरत. पोळं वितळवल्याशिवाय ते मिळत नाही. 1920 च्या दशकात मोटारींना झटपट वाळणारे नायट्रोसेल्युलोजचे रंग आले. ते उन्हात निस्तेज होत, म्हणून मेणाचा खप वाढला. इथे ब्राझीलचं कार्नौबा कामी आलं. ईशान्य ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाची पानं कापून वाळवतात, झोडपतात, की मेणाची भुकटी पडते. मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, हे 80 च्याही पुढे. वैशाखातल्या बॉनेटवर हा फरक मोठा! 1935 मध्ये अमेरिकेतले मेण-उद्योजक एच. एफ. जॉन्सन या झाडांसाठी स्वतः विमानाने ब्राझीलला गेले होते.

म्हणजे महाग मेण चालेल? थांबा, मैत्रिणींनो. नुसतं कार्नौबा ठिसूळ असतं. मऊ करायला पुष्कळ डब्यांत मधमाशीचं मेण मिसळतात. ‘बीसवॅक्स’ किंवा ‘सेरा अल्बा’ लिहिलेलं ते हेच. आणि झाडाचं म्हणून निर्दोषही नाही: पानं कापणाऱ्या मजुरांना वेठबिगारीसारख्या अवस्थेतून ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांनी सोडवलं आहे. ते डब्यावर छापत नाहीत.

आमचा डबा परत गेला. आता सिंथेटिक सीलंट लावतो, सावलीत, पत्रा गार असताना, अगदी पातळ. गाडी धुवायचं पाणी मात्र मी गाळूनच देते. पुतण्या हसतो, हसू दे.