तापलेले लोखंड आणि हॉपकिन्सनचे कोडे

छिन्नीला पाणी देणारे काही कारागीर तापल्या पोलादाला चुंबक लावून पाहतात. चुंबक धरीनासा झाला, की ताव आला म्हणून समजावे. त्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट लंडनचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने 1600 साली आपल्या ग्रंथात नमूद केली. परंतु असे का होते, हे सांगावयास पुढे तीनशेहून अधिक वर्षे लागली.

पॅरिसच्या पिएर क्यूरीने 1895 च्या प्रबंधात नेटकी मोजमापे दिली. लोखंड सुमारे 770 अंश सेल्सियसला आपला चुंबकी जोर टाकते, निकेल साडेतीनशेच्या थोडे पुढे. लोखंड वितळते 1538 अंशांवर. म्हणजे धातू घट्टच असतो, वरून काहीच बिघडलेले दिसत नाही आणि गुण मात्र जातो.

पिएर वाइस याने 1907 साली धाडसी तर्क केला. धातूतील प्रत्येक अणू हा लहानसा चुंबक असून आतले एक बळ या सर्वांना एका दिशेस उभे करते. उष्णतेची धडपड त्या बळाला भारी झाली, की रांग मोडते. मग साधा खिळा चुंबक का नसतो? वाइस म्हणाला, त्यात निरनिराळे प्रदेश असतात; प्रत्येकात एकी, पण तोंडे निरनिराळ्या दिशांना. मला हे चटकन पटले. साचेखाते एकदिलाने उभे आणि सूतखातेही एकदिलाने उभे, पण एकमेकांच्या उलट. बाहेरच्याला वाटते, या गिरणीत एकी नाहीच!

अडचण हिशेबाची होती. वाइसला हवे असलेले बळ सुमारे एक कोटी गॉस. पृथ्वीचे चुंबकी क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस. शेजारच्या अणुचुंबकांच्या ओढीने त्याचा सुमारे हजारावा हिस्साच भरून निघे. वीस वर्षे हे खाते असे उधारीवर चालले. 1919 मध्ये बार्कहाउझेनने लोखंडाभोवती वेटोळे गुंडाळून, चुंबकत्व बदलताना होणारी खरखर ऐकविली, तेव्हा आत काहीतरी धक्क्याधक्क्याने सरकते एवढे कळले. बळाचे मूळ 1928 साली हायझेनबर्गने दाखविले. ते चुंबकी नव्हेच, विजेचे आहे. एकसारख्या इलेक्ट्रॉनांच्या अदलाबदलीतून ते उपजते, म्हणून त्याला विनिमय म्हणतात. धातूत इलेक्ट्रॉन भटके असल्यामुळे त्याचे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही, पण दिशा खरी ठरली.

त्याचा शिष्य ब्लॉख याने 1932 मध्ये दोन प्रदेशांमधील भिंतीचा विचार केला. तेथे अणू एकदम पाठ फिरवीत नाहीत. लोखंडात शेकडो अणूंच्या ओळींतून थोडेथोडे वळतात. विनिमयाला सावकाश वळण, म्हणजे जाड भिंत हवी. स्फटिकाला आपल्या आवडीच्या दिशा सोडवत नाहीत, म्हणून त्याला पातळ हवी. या ओढाताणीत जाडी ठरते. तापविल्यावर दोघेही ढिले पडतात, पण स्फटिकाची पकड आधी सुटते. भिंत रुंदावते, अडथळ्यांना फारशी न अडकता सहज सरकते.

येथे एक जुने कोडे उलगडते. डायनॅमोचे काम केलेला इंग्रज इंजिनियर जॉन हॉपकिन्सन याला 1889 मध्ये उलटेच दिसले होते: दुबळ्या चुंबकी क्षेत्रात लोखंड तापविले, तर चुंबकत्व जाण्याच्या अगदी अलीकडे ते पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक सहज चुंबकते आणि मग एकाएकी कोसळते. त्याने आकडे लिहून ठेवले. 1898 मध्ये आल्प्स पर्वतात चढताना तो आपल्या तीन मुलांसह मरण पावला. ब्लॉखची भिंत तेव्हा चौतीस वर्षे दूर होती.