मूकांना वाचा देणारे आद्य गुरू

वाणी हे मनुष्याचे भूषण होय, असे आपण मानतो. परंतु एके काळी युरोपात वाणी ही मनुष्याच्या हक्कांचीच अट होती. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियन याच्या विधिसंहितेनुसार जन्मतः मूकबधिर असणाऱ्यास मृत्युपत्र करता येत नसे. ज्याला ऐकू येत नाही त्याला विद्याही देता येणार नाही, हा समज त्यानंतरही शतकानुशतके टिकून राहिला.

हा समज खोटा ठरविला तो स्पेनमधील एका साधूने. ओन्या येथील मठातील पेद्रो पॉन्से दे लेऑन हे बेनेडिक्टाइन पंथाचे. या पंथात मौन पाळले जाई व मौनकाळी खुणांनी व्यवहार चाले. सोळाव्या शतकाच्या मध्यास वेलास्को या धनाढ्य सरदार घराण्यातील फ्रान्सिस्को व पेद्रो हे बधिर बंधू त्यांचे शिष्य झाले. पॉन्से प्रथम अक्षरे लिहावयास शिकवीत, मग शब्द लिहून ती वस्तू बोटाने दाखवीत आणि अखेरीस त्या अक्षरास अनुरूप अशी जिभेची हालचाल करवून घेत. १५८४ मध्ये ते निवर्तले.

पुढे १६२० मध्ये हुआन पाब्लो बोनेत यांनी माद्रिद येथे या विषयावरील ग्रंथ छापला. जिभेची ठेवण दाखविण्यासाठी चामड्याची लवचीक जीभ वापरावी, तसेच घरातील मंडळींनी बोटांची वर्णमाला शिकून घ्यावी, असे त्यांनी सुचविले. अ‍ॅमस्टरडॅम येथील वैद्य योहान कॉनराड अम्मान यांनी १६९२ मध्ये आपली रीत प्रसिद्ध केली. शिष्याने गुरूच्या कंठावर हात ठेवून नाद अनुभवावा आणि आरशात पाहून ओठांचे अनुकरण करावे, अशी ती रीत होती.

यानंतर मात्र साधनालाच साध्य मानले गेले. अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे यांनी खुणांच्या साह्याने अनेक मुलांना शिक्षणाची वाट दाखविली होती. तरीही १८८० च्या मिलान परिषदेने मौखिक पद्धतीचाच पुरस्कार केला व अनेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. तब्बल १३० वर्षांनी, २०१० मध्ये, व्हँकुव्हर येथील परिषदेने ते ठराव नाकारले व झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला.

पॉन्से यांनी शिष्याच्या हाती प्रथम लेखणी दिली, वाचा नंतर. ज्ञान ओठांतून येवो की हातांतून, ते ज्ञानच होय. मुकी व्यक्ती अज्ञानी नसते, हाच या इतिहासाचा बोध आहे.