खिशातल्या पिस्तुलाची स्प्रिंग

आता या छोट्या पिस्तुलाकडे येऊ. रचना जॉन ब्राउनिंगची. बेल्जियमच्या एफएननं ते १९०६च्या सुमारास काढलं, अमेरिकेत कोल्टनं १९०८ला. मॅगझिनमध्ये सहा गोळ्या, त्यांना वर ढकलणारी एक स्प्रिंग. ती मऊ पडली की पुढची गोळी नीट वर येत नाही, पिस्तूल अडतं. मग दुसरी शोधा! कोल्टची असेल तर ठीक, तिथे सुटे भाग यंत्रावर एकसारखे होत. पण स्पेनमधल्या एइबारच्या लहान कारखान्यांनी याच्या ढिगानं नकला केल्या, त्या बऱ्याचशा हातानं कानस लावून जुळवलेल्या. दिसायला सख्खी भावंडं, पण एकाची स्प्रिंग दुसऱ्याला बसेलच असं नाही. म्हणून संग्रहातली जुनी स्प्रिंग आम्ही फेकू देत नाही. पिस्तुलावर क्रमांक असतो, स्प्रिंगवर काहीच नाही. नवी करायची तर मापं घ्यायला तीच हाताशी लागते.